हाताला दाणा

बेल्ह्याच्या बैलबाजारात हौशीराम गभाले बैल घ्यायला कधी गेला नाही. तो जायचा बैलांच्या कानातल्या केसांसाठी. खिशात लहानशी कात्री असायची. जाड, केसाळ कानांचा बैल दिसला की तो मालकापुढे तंबाखूची पुडी धरायचा आणि बैलाच्या कानाकडे बोट करून म्हणायचा, "थोडं घिऊ का?"

"पावणं, बैल घ्यायला आलाय का हजामत करायला?" टेंपोच्या फाळक्यावर बसलेला एखादा व्यापारी विचारी.

"बैल परवडंना. केसावर भागवतो."

"मंग ह्याची दाढी बी करा. गिऱ्हाईक तरी यील."

हसणं ओसरेपर्यंत त्याचं काम झालेलं असे. ते केस तो घरी धुवायचा, उन्हात वाळवायचा, टोकं एका रेषेत जुळवून दोऱ्यानं आवळायचा आणि सरसात बुडवून कोंबडीच्या पिसाच्या पोकळ दांडीत बसवायचा. दुकानातल्या ब्रशानं दाराची कडी रंगवता येते, कडीवरचा गंज रंगवता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याची दारं तळहाताएवढीसुद्धा नसत. कडी म्हणजे वाकवलेली टाचणी.

हौशीराम मूळचा डोंगरातल्या सावरवाडीचा. घोड नदीच्या काठची तीस उंबऱ्यांची वाडी. भात आणि नाचणी, एवढ्यावर जगणारी माणसं. लावणी उरकली की तो मंचरला उतरायचा. तिथं गेणभाऊ पेंटरकडे गणपतीच्या देखाव्यांचं काम असे. गेणभाऊनं त्याला सगळं शिकवलं. थर्मोकोल तापल्या तारेनं कसा कापायचा. कागदाचा लगदा, डिंक आणि खडू मिसळून भिंत कशी थापायची. गव्हाचं काड उभं चिरून कौलं कशी करायची. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात उकळून त्याचं गवत कसं होतं. रंग आधी काळा द्यायचा, उजेड मागून आणायचा. दिव्याची काजळी पाण्यात कालवून भिंतीवर ओतायची आणि लगेच फडक्यानं पुसायची, म्हणजे काळं फक्त फटीत राहतं आणि भिंत जुनी दिसू लागते. शेवटी ब्रश रंगात बुडवून कागदावर पुसून पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि वरच्यावर फिरवायचा. उंचवट्यांवर तेवढा फिका रंग बसतो, आणि काल केलेल्या घरावर चाळीस पावसाळे दिसतात.

ब्रशाचं टोक ओठात धरून बारीक करायची सवयही त्याला गेणभाऊकडूनच लागली. दोघांच्याही हिरड्या काळ्या होत्या. डुको, म्हणजे गाड्यांना मारतात तो रंग, थिनरमध्ये कालवून दोन नळ्यांच्या फुंकणीनं तोंडानंच फवारायचा. काम संपलं की गेणभाऊ तासभर भिंतीला डोकं टेकून बसे. एका वर्षी तो उठलाच नाही. त्याच्या बायकोनं फुंकणी हौशीरामला देऊ केली. त्यानं घेतली.

घरी साळुबाई होती, त्याची बायको. आणि रत्ना, त्यांची एकुलती पोर. रत्ना चार वर्षांची असताना, एक्क्याण्णवच्या श्रावणात, तापानं गेली. नदी दोन्ही तीर भरून चालली होती. घोडेगावच्या दवाखान्यात नेता आलं नाही.

सावरवाडीत लहान पोराला जाळत नसत, पुरत. नेणारे फक्त दोघं पुरुष. जागा कुणाला सांगायची नाही आणि आईनं ती पाहायची नाही. आईनं जागा पाहिली की पोर पुन्हा तिच्या पोटी येत नाही, असं तिथं मानत. हौशीराम आणि त्याचा थोरला भाऊ भागू असे दोघं भर पावसात पोरीला घेऊन गेले. खड्डा भरून वर चपटा दगड ठेवला, कोल्ह्यांसाठी करवंदीचे काटे लावले आणि परत आले. साळुबाई उंबऱ्यात बसून होती. तिनं विचारलं नाही. पाळायचं ते ती पाळत होती, कारण तिला ती पोर पुन्हा हवी होती.

दोन वर्षांनी, ज्याच्या पाण्यात वाडी जाणार होती त्या धरणाची भिंत पुरी होत आली. वाडीला पडवळांच्या महाळुंग्याजवळ माळावर जागा मिळाली होती. शेवटच्या उन्हाळ्यात लोक कौलं उतरवत होते, वासे मोजत होते, भैरोबाचा तांदळा, शेंदूर फासलेला दगड, कुणी उचलायचा यावर भांडत होते. त्या गडबडीत हौशीरामनं आपल्या घराच्या दाराच्या दोन्ही फळ्या काढल्या, अंगणात शेजारी शेजारी टाकल्या आणि त्यांवर तेच गाव लहान मापात बसवायला घेतलं.

"लोकं घर भरायला लागल्यात आन तू दार काढून खेळतुयास?" भागू म्हणाला.

"दोर धर."

"कशाचा?"

"मोजायचाय. समदं."

त्यानं माप ठरवलं ते असं: जमिनीवरच्या एका हाताला फळीवर तांदळाचा एक दाणा. गावात हात सगळ्यांना कळतो, दाणाही सगळ्यांना कळतो. फूटपट्टी मास्तरांना लागते. त्यानं घरच्या आंबेमोहोराचे दाणे सुपात पसरले. आखूड, लांब, तुटके असे सगळे वेगळे काढले आणि एकसारख्या दाण्यांनी चहापत्तीचा एक पत्र्याचा डबा भरला. मग भागू काथ्याच्या दोरानं हात मोजून ओरडून सांगायचा आणि हौशीराम फळीवर दाण्याला दाणा लावत जायचा, शेवटच्या दाण्याशी खिळा टोचायचा. आकडे लिहायची गरज त्याला वाटली नाही. गाव फळीवर उतरलं होतं, वेगळं लिहायचं कशाला?

भैरोबाच्या देवळाचा नदीकडचा कोपरा त्यानं पहिल्यांदा मांडला. त्याच कोपऱ्यापासून घरं, विहीर, खळी, पाणंद. अगदी शेवटी, बायका नदीवर गेल्या तेव्हा, दोघांनी त्या कोपऱ्यापासून खाली खाचरांच्या अंगाला दोर धरला. भागूनं या वेळी ओरडून सांगितलं नाही. जवळ येऊन कानात सांगितलं. हौशीरामनं दाणे लावले आणि शेवटी खिळ्याऐवजी एक चपटी खापरी चिकटवली, नखाएवढी.

महाळुंग्याच्या वसाहतीत पत्र्याच्या घरात त्या फळ्या भिंतीला लागून मांडल्या गेल्या. मोजणी झालेली होती, बांधणं पुढची सात-आठ वर्षं चाललं. कुडाच्या भिंती खराट्याच्या काड्यांच्या. वर लगद्याचा गिलावा. कौलांवर गेरू, मग काजळी, मग कोरडा ब्रश. नदीसाठी त्यानं दगडांवर व्हार्निशचे थर दिले, एक वाळला की दुसरा. गुडघाभर पाण्याची, तळ दिसणारी उन्हाळ्यातली नदी. झाडं गवताच्या वाळल्या मुळांची. कोणाच्या अंगणात मोडका नांगर होता, कोणाच्या छपरावर भोपळ्याचा वेल होता, ते लोक येऊन सांगायचे. कुणी अंदाजानं सांगितलं तर तो करायचा नाही.

"असंल तितंच कुटंतरी," भागू म्हणायचा.

"कुटंतरी नगं. कुटं?"

भागू अठ्ठ्याण्णवला गेला. त्याच वर्षी मंचरच्या एका मंडळाची पोरं फळ्या बघायला आली. गणपतीत हा देखावा मांडू म्हणाली.

"हौशीरामभाऊ, खालनं लाइट, वरनं हळूहळू पाणी सोडायचं. घरं बुडताना दिसली पायजेल. पब्लिक येडं व्हईल राव."

हौशीराम ब्रश पुसत राहिला. उत्तर साळुबाईनंच दिलं. "एकदा बुडवलंय त्येवढं पुरे. च्या घ्या आन जावा."

साळुबाईला दुसरं मूल झालं नाही. फळ्या आल्या त्या पहिल्या वर्षी तिनं ती खापरी पाहिली. हे काय, असं तिनं विचारलं नाही. पण ती फळ्यांवरची धूळ पुसायची तेव्हा तेवढ्या जागी फडकं न लावता बोटानं पुसायची. हौशीरामनं ते पाहिलं होतं.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात धरण आटलं. दोन पावसाळे कोरडे गेले होते. मे महिन्यात वसाहतीतले लोक जाऊन आले आणि सांगू लागले की नदीची जुनी रेघ दिसतेय, भैरोबाच्या जोत्याचा एक कोपरा गाळातून वर आलाय. बाकी सगळा गाळ, भेगा पडलेला, सारखा सपाट. आपलं घर कुठं होतं तेही कळत नाही.

त्या संध्याकाळी साळुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "मला जागा दावा."

हौशीरामनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"आता काय राखायचंय? माझं वय गेलं. येनारी असती तर आली असती." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "देव आनला समद्यांनी. पोरं तितंच ठिवली. तो दगड तरी आनू. हितं दाराम्होरं ठिवते."

त्यानं आढ्यावरून दाण्यांचा डबा काढला. तोवर त्याचे डोळे अधू झाले होते. थिनरनं की वयानं, डॉक्टरनं सांगितलं नाही. जाड भिंगाचा चष्मा होता, तरी जवळचं धुरकट दिसे. डब्यातले दाणे जुने, पिवळे पडलेले, कडुनिंबाच्या पाल्याच्या चुऱ्यात माखलेले. फळीवर देवळाच्या कोपऱ्यापासून खापरीपर्यंत त्यानं बोटांनी चाचपत दाण्याला दाणा लावला. साळुबाई शेजारी बसून मोजत होती. एकशे सतरा भरले. भागूनं कानात सांगितलेला आकडा त्याला आठवत नव्हता. शंभराच्या वरचा होता, एवढं आठवत होतं. हा शंभराच्या वरचाच होता.

दुसऱ्या दिवशी एसटीनं घोडेगाव, तिथून जीप, मग पायी. धरणाच्या पोटात उतरताना साळुबाई एकदाच थांबली. समोर नुसती राखाडी जमीन होती, मेलेल्या शिंपल्यांची. लांब, पलीकडच्या अंगाला जेसीबी आणि ट्रॅक्टर दिसत होते. दुष्काळात गाळ फुकट मिळत होता आणि खालचे बागायतदार तो शेतात टाकायला नेत होते.

जोत्याचा कोपरा सापडला. हौशीरामनं दोर धरला, खाचरांच्या दिशेनं एकशे सतरा हात मोजले आणि कुदळ घातली. गाळ कमरेइतका होता. खाली जुनी तांबडी माती लागली, दगड लागला नाही. त्यानं खड्डा एका बाजूनं वाढवला, मग दुसऱ्या बाजूनं. साळुबाई हातांनी माती ओढत होती. दुपार कलली तेव्हा खड्ड्यात बैलगाडी उभी राहिली असती.

"काटे लावलं व्हतं ना?" तिनं विचारलं.

"व्हतं."

"मंग कोल्ही न्हाई आली."

"न्हाई."

"मंग कुटं गेला दगड?"

फळीवर गाव बरोबर होतं. त्याबद्दल त्याला शंका घ्यायचीही सवय नव्हती.

घरी आल्यावर चार दिवस तो फळ्यांजवळ बसून होता. पाचव्या दिवशी त्यानं आपलंच घर मोजलं. त्या घराचं आढं त्यानं स्वतः तोडून बसवलं होतं, सोळा हातांचं. ते विसरणं शक्य नव्हतं. फळीवरच्या घराला तेरा दाणे लागले आणि चौदावा बाहेर निघाला. त्यानं पुन्हा लावले. पुन्हा तेच. मग त्यानं एक दाणा चष्म्याच्या भिंगापाशी नेला, दारात उजेडाला जाऊन धरला.

"साळू, ह्ये दाणं कंचं?"

ती अंगणात शेणी लावत होती. तिथूनच बोलली, सहज. "इंद्रायणी. दुकानातली."

"आन आपलं?"

"ते कवाच शिजवलं. हितं आल्या आल्या, पित्रांत. पोरीचा घास काढायचा व्हता." तिनं शेणी भिंतीला थापली. "तिनं दुसरा तांदूळ कदी खाल्लाच न्हवता. तुमच्या डब्यात व्हता म्हून तेवढा तरी घावला. मी त्यात दुसरा भरून ठिवला. का वो? किडं झालं का?"

हौशीराम दाराशी उभा होता. तिच्या हातांचे ठसे भिंतीवर ओळीनं उमटत होते.

"न्हाई," तो म्हणाला. "किडं न्हाई."

त्या दाण्यांचं त्यानं नाव काढलं नाही. इंद्रायणीचा दाणा आंबेमोहोरापेक्षा लांब, म्हणून तो फळीवर कमी मावला, म्हणून आपण जमिनीवर कमी चाललो. एवढं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तिसरं वाक्य तिनं स्वतःच म्हटलं असतं. त्यानं सुतळी घेतली, फळीवरच्या घराची लांबी तिच्यावर घेतली आणि देवळापासून खापरीपर्यंत ती घर घर करत टाकत गेला. पावणेनऊ घरं भरली. घराचे हात माहीत होते. म्हणजे खड्डा बावीस-तेवीस हात अलीकडे पडला होता.

रात्री जेवताना तो म्हणाला, "माझं मोजताना चुकलं. सकाळी परत जाऊ."

"तुमचं?" साळुबाई म्हणाली.

"डोळं गेल्यात माझं."

तिनं त्याच्या ताटात भात वाढला.

या वेळी उतरणीवरूनच इंजिनांचा आवाज आला. जेसीबी नदी ओलांडून अलीकडे आला होता. जोत्याचा कोपरा जागेवर होता. मागच्या खेपेचा त्यांचा खड्डाही होता, त्याच्या कडा ढासळलेल्या. त्या खड्ड्याच्या पुढं दोन-तीन हात जमीन होती आणि तिथून खाली जमीन नव्हतीच. दोन पुरुष खोल खणलेलं होतं, नदीपर्यंत. पिवळा लोखंडी हात खाली जाई, वर येई, ट्रॉलीत उलटा होई. गाळाखालची तांबडी मातीसुद्धा त्यांनी सोडली नव्हती.

हौशीरामनं तरीही दोर धरला. मोजलेली जागा हवेत आली.

एक ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून जवळ आला. बाळासाहेब त्याचं नाव, खालच्या अंगाच्या कुठल्याशा बागायतदाराचा माणूस. "बाबा, कडेला नका जाऊ. ढासळतंय. काय हरवलंय का?"

"हितली माती कवा काढली?"

"हितली? कालचा दिस आन परवाचा. लई भारी माती निघाली. आमच्या मालकानं चाळीस ट्रॉल्या न्हेल्या."

"कुटं टाकली?"

"आमची उसात. बाकीच्यांची म्हंजी पार कळंबापोतर गेलीया. कुनी कुनी न्हेली, कसं सांगू?" त्यानं दोघांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मावशी, सोनंनाणं पुरलं व्हतं का काय?"

"दगड व्हता," साळुबाई म्हणाली. "चपटा."

"दगड व्हय?" त्याला हायसं वाटलेलं दिसलं. "मंग हाय की. दगड आमी न्हेत न्हाई. शेतात कोन टाकतंय? समदं तितं बाजूला वतलंय बघा."

खणलेल्या भागाच्या कडेला दगडांचा ढीग होता. घरांच्या जोत्यांचे, बांधांचे, विहिरीच्या काठाचे, नदीतले, सगळे एकत्र, गाळानं सारख्याच रंगाचे झालेले. सावरवाडीत जितका दगड होता त्यातला बराच तिथं असावा.

हौशीराम ढिगावर चढला. एकेक दगड उलटून बघू लागला. चपटे बाजूला लावत गेला. काही जात्याचे तुकडे निघाले, एक पाटा निघाला, तो कुणाचा ते त्याला ओळखू आलं आणि त्यानं तो खाली ठेवला. साळुबाई खाली सावलीशिवाय बसली होती. ट्रॅक्टर भरून गेले, रिकामे आले. दुपारभरात सहा दगड उरले. सहाही तेवढेच, चपटे, दोन हातांत धरून नेता येतील असे.

ती उठून जवळ आली. "ह्यातला कंचा?"

त्यानं सहाही दगडांवरून हात फिरवला. तेरा वर्षांपूर्वी त्यानं तो एकदाच उचलला होता, नदीच्या काठावरून, अंधारून आलेलं असताना. दगडाला खूण करायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"ठाव न्हाई," तो म्हणाला. "ह्यात आसंल का, ते बी ठाव न्हाई."

साळुबाईनं कुठल्याच दगडाला हात लावला नाही.

"एक सांगा," ती म्हणाली.

"साळू, मला खरंच—"

"खरं इचारलं न्हाई मी. तुमी म्हनाल तो न्हेते. तुमी हात लावलेला व्हता, तुमीच सांगा."

जेसीबी मागं सरकताना टी-टी-टी असा वाजत होता. हौशीरामनं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मग कडेच्या एका दगडावर तळहात ठेवला. तो इतरांपेक्षा वेगळा नव्हता.

"ह्यो."

"बरं," ती म्हणाली.

तिनं पदराची चुंबळ केली. त्यानं दगड उचलून तिच्या डोक्यावर दिला, तिनं दोन्ही हातांनी तो धरला आणि दोघं चढणीला लागली. भेगांमधून पाय टाकत. निम्म्या वाटेवर, जुन्या पाण्याची रेघ होती तिथं, तो म्हणाला, दे, मी घेतो. तिनं दिला नाही.

थोडं वर गेल्यावर तिनंच विचारलं, "त्या दिवशी लई जड लागला व्हता का?"

तो तिच्या मागून चालत होता.

"पाऊस व्हता," तो म्हणाला. "कळलं न्हाई."